फाइट बघा, पण तो शब्द नको!

येत्या रविवारची, म्हणजे १४ सप्टेंबरची संध्याकाळ आपल्यापैकी बहुतेकांनी आधीच राखून ठेवली आहे. दुबईत आशिया कपमध्ये भारत-पाकिस्तान मॅच आहे. ती बघायची की नाही, यावरून ग्रुपवर भांडणंही सुरू झालीत. ती चालू द्या. मी सकाळबद्दल बोलतेय.

त्याच दिवशी आपल्याकडे सकाळ आणि लास वेगासमध्ये शनिवारची रात्र असेल, तेव्हा अलेजियंट स्टेडियममध्ये मेक्सिकोचा सौल ‘कॅनेलो’ अल्वारेझ आणि अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड समोरासमोर उभे राहतील. नेटफ्लिक्सवर साडेसहाला प्रक्षेपण सुरू होतंय. मुख्य लढत यायला नऊ तरी वाजतील. म्हणजे रात्र जागवायची नाही, अलार्मही नको. अंघोळ उरकून, पोह्यांची प्लेट घेऊन बसलात तरी चालेल.

प्रोफेशनल बॉक्सिंगच्या फॅनला इतकं सोयीचं सहसा काही मिळत नाही. लंडनची फाइट आपल्याकडे मध्यरात्रीनंतर येते, अमेरिकेची कधी पहाटे, तर कधी नेमकी शनिवारच्या लेक्चरच्या वेळी. त्यामुळे या रविवारी बरेच जण पहिल्यांदाच पूर्ण फाइट बघणार, असं दिसतंय. माझ्याच क्लासमधल्या चौघांनी “काय असतं, जरा समजावून सांग” म्हणून विचारलं. त्यांना समजावता समजावता लक्षात आलं, की नियम दहा मिनिटांत सांगून होतात. पण फॅन म्हणून आपण कसं वागायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मी चुकून शिकले. आजचा लेख त्यासाठी आहे.

जोड लागायला हवी

मी पाहिलेली पहिली फाइट म्हणजे फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅक्याओ. तारीख होती २ मे २०१५, आपल्याकडे ३ मेची सकाळ. मी बारा वर्षांची होते, मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीकडे मामाच्या घरी गेले होते. मामा कुस्तीवेडा. जत्रेतलं एकही मैदान चुकवायचा नाही. पेपरात या फाइटबद्दल एवढं छापून आलं होतं, की तोही टीव्हीपुढे बसला. १२ राउंड झाले. मेवेदर अंगाला हात लागू न देता गुणांवर जिंकला. मामा उठला, टीव्ही बंद केला आणि म्हणाला, “ही जोड पाच वर्षांपूर्वीच लावायला पाहिजे होती.”

पुढे बॉक्सिंगबद्दल वाचायला लागले, तेव्हा कळलं की मामाने एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. या दोघांची बोलणी २००९ पासून सुरू होती. कधी उत्तेजक चाचण्यांवरून फिसकटली, कधी आणखी कशावरून. दोघं रिंगमध्ये आले तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा होता, पॅक्याओ ३६ चा. तरी अमेरिकेत ४६ लाख जणांनी ही फाइट विकत घेऊन पाहिली, आणि तिची किंमत होती जवळजवळ १०० डॉलर.

कुस्तीच्या मैदानात जोड लावणारी माणसं अनुभवी असतात. हलकी जोड लावली तर मैदान बोंबलतं. बॉक्सिंगमध्ये मात्र जोड लावणं हाच सगळ्यात अवघड भाग आहे. क्रिकेटचं जसं वेळापत्रक असतं, तसं इथे काही नसतं. लीग नाही, पॉइंट टेबल नाही. प्रत्येक बॉक्सरचा प्रमोटर वेगळा, प्रत्येक प्रमोटरचा प्रक्षेपणाचा करार वेगळा. वर जागतिक विजेते ठरवणाऱ्या मोठ्या संघटनाच चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. चौघींचे बेल्ट वेगळे, क्रमवारी वेगळी, नियम वेगळे. म्हणजे एकाच वजनगटात एकाच वेळी चार ‘वर्ल्ड चॅम्पियन’ असू शकतात आणि चौघं एकमेकांशी कधीच लढले नाहीत, असंही होऊ शकतं. चारही बेल्ट एकाच्याच कमरेला आले, की त्याला ‘अनडिस्प्युटेड’ म्हणतात.

हेवीवेट गटात हे किती दुर्मीळ आहे बघा. लेनॉक्स लुइस १९९९ मध्ये निर्विवाद विजेता झाला. त्यानंतरचा निर्विवाद विजेता मिळायला मे २०२४ उजाडला. रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवलं तेव्हा. तीही फाइट आधी फेब्रुवारीत होती. सरावात फ्युरीच्या डोळ्याजवळ जखम झाली आणि तारीख पुढे गेली. इतकं करून मिळालेले चार बेल्ट उसिककडे एकत्र किती टिकले? पुढच्याच महिन्यात आयबीएफचा बेल्ट त्याला सोडावा लागला.

म्हणून बॉक्सिंगच्या फॅनचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. फाइटची बातमी येते, आपण खूश होतो, मग कुणाचा तरी हात दुखावतो, कुणाचा तरी वकील पत्र पाठवतो आणि तारीख गायब. रविवारची जोड ठरलीय, टिकलीय आणि दोघं अजून भरात आहेत, हीच मोठी गोष्ट आहे. त्यात सौदी अरेबियाच्या तुर्की अलशेख यांचा पैसा आहे, हेही खरं. गेली दोन वर्षं रखडलेल्या जोड्या त्याच पैशाने लागल्यात. आपल्याला हव्या त्या फाइट मिळतायत आणि खेळाच्या चाव्या एका माणसाच्या खिशात चालल्यात. दोन्ही गोष्टी एकदमच होतायत, हे फॅन म्हणून आपल्याला माहीत असावं.

कोण कुठे उभा आहे?

कॅनेलो ३५ वर्षांचा आहे. पंधराव्या वर्षी तो प्रोफेशनल झाला. ६७ फाइटपैकी ६३ जिंकल्या, दोन बरोबरीत, दोन हरला. हरला तो मेवेदरकडून २०१३ मध्ये आणि दिमित्री बिवोलकडून २०२२ मध्ये. १६८ पौंडांच्या, म्हणजे साधारण ७६ किलोंच्या गटात चारही बेल्ट त्याच्याकडे आहेत. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो, त्या आठवड्यात कॅनेलोची फाइट असणं आता सणासारखंच झालंय.

क्रॉफर्ड ओमाहा नावाच्या शहरातला. २८ सप्टेंबरला ३८ वर्षांचा होईल. ४१ फाइट, ४१ विजय. तो उजव्या हाताने लढता लढता मध्येच पवित्रा बदलून डाव्या हाताने लढायला लागतो आणि समोरच्याला कळतही नाही. १४० आणि १४७ पौंडांच्या गटांत तो निर्विवाद विजेता होता. रविवारी जिंकला, तर चार बेल्टच्या काळात तीन गटांत हे करणारा पहिला पुरुष बॉक्सर ठरेल.

गंमत वजनात आहे. क्रॉफर्डची शेवटची फाइट ऑगस्ट २०२४ ची, १५४ पौंडांची. तिथून दोन गट वर उडी, तीही तेरा महिन्यांच्या गॅपनंतर. कारकिर्दीतला त्याचा पहिला जागतिक बेल्ट १३५ पौंडांत होता, म्हणजे साधारण ६१ किलोंच्या गटात. उलट कॅनेलोने १७५ पौंडांतही बेल्ट जिंकलाय. पण कॅनेलोची मेमधली फाइट ज्यांनी पाहिली, त्यांना त्याच्याबद्दलही शंका आहे. रियाधमध्ये विल्यम स्कलबरोबर १२ राउंड झाले आणि दोघांनी मिळून फक्त ४४५ ठोसे मारले. १२ राउंडची इतकी सुस्त फाइट कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत आधी कधी आली नव्हती.

माझं मत विचाराल, तर वजन महत्त्वाचं असलं तरी डोकं जास्त महत्त्वाचं. मला क्रॉफर्ड गुणांवर जिंकेल असं वाटतंय. चुकले, तर सोमवारी कँटीनमध्ये चहा माझ्याकडून.

एक सुचवते. कागद-पेन घेऊन बसा. बॉक्सिंगचे गुण घरबसल्या देता येतात. प्रत्येक राउंड ही वेगळी परीक्षा असते. जो जिंकला त्याला १०, जो हरला त्याला ९. कुणी खाली पडला तर साधारणपणे १०-८. कोणाचे ठोसे स्वच्छ लागले, कोणी फाइट आपल्या मनासारखी चालवली, एवढं बघायचं. मागच्या राउंडचा हिशोब पुढच्यात आणायचा नाही. १२ राउंड झाले की बेरीज करायची आणि तीन पंचांशी ताडून बघायची. पंच तुमच्याशी सहमत होतीलच असं नाही. ते आपसातही सहमत होत नाहीत. २०१७ मध्ये कॅनेलो आणि गेनाडी गोलोव्हकिन यांची पहिली फाइट झाली, तेव्हा एका पंचाने गोलोव्हकिनला ११५-११३ ने पुढे ठेवलं, दुसऱ्याने बरोबरी दिली आणि तिसऱ्या पंचाने कॅनेलोला चक्क ११८-११० दिले. त्या कार्डवरून फॅन मंडळी आजही भांडतात.

आणि मुख्य फाइटची वाट बघत बसू नका. अंडरकार्डवर क्रिस्टियन एम्बिली आणि लेस्टर मार्टिनेझ आहेत. दोघं अजून हरलेले नाहीत आणि दोघांनाही मागे सरकणं माहीत नाही. ती चुकवली, तर मला सांगू नका.

मी वापरलेला शब्द

आता मूळ मुद्दा.

नोव्हेंबर २०२०. कॉलेज बंद, बारावी ऑनलाइन, मी सतरा वर्षांची आणि दिवसाचे सहा-सात तास फोनवर बॉक्सिंग बघणारी. आमचा फॅन लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. २८ तारखेला लंडनमध्ये दोन ब्रिटिश हेवीवेट लढले, डॅनियल डुबॉइस आणि जो जॉइस. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते. डुबॉइस २३ वर्षांचा होता, तोपर्यंत एकही फाइट हरलेला नव्हता. जॉइसचा डावा जॅब त्याच्या डाव्या डोळ्यावर पुन्हा पुन्हा येत होता. डोळा सुजून बंद झाला. तरी तीनपैकी दोन पंचांच्या कार्डावर डुबॉइसच पुढे होता. दहाव्या राउंडमध्ये आणखी एक जॅब त्याच डोळ्यावर बसला. डुबॉइसने एक गुडघा टेकला आणि रेफ्रीचे दहा आकडे होईपर्यंत उठला नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, “क्विटर निघाला.” पुढे हसणारे तीन इमोजी.

मी एकटी नव्हते. काही माजी बॉक्सरही तेच म्हणाले. काहींनी तर वर सांगितलं, की आपण असतो तर उठलो असतो. नंतर हॉस्पिटलमधून बातमी आली: डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. आणखी मार बसला असता, तर दृष्टी गेली असती.

ग्रुपवर कुणी माफी मागितली नाही. मीसुद्धा नाही. विषय बदलला, एवढंच.

डुबॉइसला तो शब्द चिकटला. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये तो उसिककडून नवव्या राउंडला हरला, गुडघ्यावर बसून आकडे ऐकत राहिला आणि तोच शब्द परत आला. मग त्याने सलग दोन अवघड फाइट जिंकल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्बली स्टेडियममध्ये नव्वद हजारांहून जास्त लोकांसमोर अँथनी जोशुआला पाचव्या राउंडला नॉकआउट केलं. ज्याला आम्ही संपलेला समजत होतो, तो जागतिक विजेता म्हणून उभा होता. चार वर्षांपूर्वी तो गुडघा टेकला नसता, तर ती रात्र आली असती का? डोळा गेला असता, तर बॉक्सिंग तिथेच संपलं असतं.

या जुलैमध्ये त्याच वेम्बलीवर उसिकने त्याला पुन्हा हरवलं. पाचव्या राउंडला दुसऱ्यांदा पडला, तेव्हा त्याच्या कॉर्नरने टॉवेल टाकला. सकाळी उठून फोन उघडला, तर माझ्या फीडवर पुन्हा तोच शब्द. या वेळी मी काही लिहिलं नाही. पण लिहिणाऱ्यांमध्ये माझ्या ओळखीचे होते.

बाहेरून दिसत नाही

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २ ऑगस्टला, टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच दिवशी झालेल्या दोन फाइट सांगते.

शिगेतोशी कोतारी पूर्ण १२ राउंड लढला. फाइट बरोबरीत सुटली. म्हणजे शेवटच्या घंटेपर्यंत तो उभा होता आणि गुणांमध्ये कुठेही कमी नव्हता. त्यानंतर थोड्याच वेळात त्याची शुद्ध हरपली. मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता. ८ ऑगस्टला तो गेला. त्याच कार्यक्रमात हिरोमासा उराकावा आठव्या राउंडला नॉकआउट झाला. त्यालाही तीच इजा. तो ९ ऑगस्टला गेला. दोघंही २८ वर्षांचे होते.

डुबॉइसची आणि कोतारीची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. एकजण गुडघ्यावर बसला, त्याला आपण भित्रा म्हटलं. दुसरा शेवटपर्यंत लढला, त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या असतील. आत काय मोडलंय, काय फुटलंय, हे दोन्ही वेळेला बाहेरून कुणालाच दिसलं नाही. शेजारी बसलेल्या प्रेक्षकाला नाही, तर सहा इंची स्क्रीनवर बघणाऱ्या मला कुठून दिसणार?

मामाच्या कुस्तीत एक बरं असतं. पाठ मातीला लागली की संपलं. चितपट झालेला पैलवान अंगावरची माती झटकतो आणि उठतो. त्याला कुणी “थांबव आता” म्हणावं लागत नाही, नियमच थांबवतो. बॉक्सिंगमध्ये पडलेला माणूस दहा आकड्यांत उठला, तर खेळ पुढे चालू. त्यामुळे थांबवण्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं. रेफ्री, डॉक्टर, कोच किंवा खुद्द बॉक्सर. हे चौघं या खेळाचे ब्रेक आहेत. आणि आपण फॅन नेमके त्या ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यालाच शिव्या घालतो.

येत्या १ ऑक्टोबरला ‘थ्रिला इन मनिला’ला ५० वर्षं होतील. मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी फाइट. अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी मनिलात ती भर सकाळी ठेवली होती आणि आत भट्टीसारखा उकाडा होता. १४ राउंड झाले. फ्रेझरचा एक डोळा सुजून बंद झालेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. अलीचा उजवा हात येतोय, हे त्याला दिसतच नव्हतं. एकच राउंड राहिला होता, फक्त तीन मिनिटं. फ्रेझर नको नको म्हणत असताना त्याचे कोच एडी फच यांनी फाइट थांबवली. अली जिंकला. तोही इतका थकला होता, की नंतर म्हणाला, मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो.

ही फाइट बॉक्सिंगमधली सर्वांत महान मानली जाते. फ्रेझरला कुणी क्विटर म्हणत नाही. फच यांचा निर्णय आज कोच लोकांना उदाहरण म्हणून सांगितला जातो. म्हणजे ५० वर्षांनी आपल्याला शहाणपण समजतं. प्रश्न असा, की ते त्याच रविवारी का समजू नये?

कारण उशिराचं शहाणपण महाग पडतं. जागतिक फाइट पूर्वी १५ राउंडच्या असायच्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडला कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने आपल्या फाइट १२ राउंडवर आणल्या, पुढे बाकीच्यांनीही. गेल्या महिन्यात टोकियोनंतर जपानने कोतारी लढला त्या पातळीच्या आशियाई विजेतेपदाच्या फाइट १२ वरून १० राउंडवर आणल्या. दोन्ही वेळा नियम माणूस गेल्यावर बदलला.

“मग बघतेस कशाला?”

हा प्रश्न मला आईपासून एडिटरपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. प्रामाणिक उत्तर असं, की यापेक्षा सुंदर फारच कमी गोष्टी मी पाहिल्यात. क्रॉफर्ड समोरच्याचा ठोसा केसभर अंतराने चुकवतो आणि त्याच क्षणी परत मारतो, त्यामागे वीस-पंचवीस वर्षांची मेहनत असते. तिथे लपायला टीम नसते. वशिला चालत नाही. ओमाहासारख्या शहरातला पोरगा जगातला सर्वोत्तम होऊ शकतो, हे बघताना अंगावर काटा येतो. यात धोका आहे, हे मला कळतं. तरी मी बघते, आणि ते सोज्वळपणे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा मित्र काढतात: “त्यांना करोडो मिळतात. थांबायचं असेल, तर पैसे परत द्या.” करोडो मिळतात ते पोस्टरवर नाव असणाऱ्यांना. अंडरकार्डवर रिकाम्या खुर्च्यांसमोर लढणाऱ्यांना नाही. आणि समजा मिळाले, तरी आपण तिकीट काढतो ते फाइटचं. डोळ्याचं नाही.

तिसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे: काही जण खरंच दुखापत नसताना सोडतात. रॉबर्टो ड्युरानने १९८० मध्ये शुगर रे लेनर्डसमोर आठव्या राउंडला पाठ फिरवली. ‘नो मास’ म्हणून ती फाइट बदनाम झाली. पोटात कळ आली होती, असं तो म्हणाला, लोकांनी विश्वास ठेवला नाही. असेलही लोकांचं बरोबर. पण त्याच ड्युरानने नंतर आणखी दोन वजनगटांत जागतिक बेल्ट जिंकले, दुसरा तर १९८९ मध्ये, ३७ व्या वर्षी. एका रात्रीवरून माणसाची लायकी ठरवायची घाई केली, की असं तोंडावर पडायला होतं. आणि खरा थकलेला कोण, खोटा कोण, हे ठरवायला आपल्याकडे एक्स-रे नसतो. अशा वेळी संशयाचा फायदा कुणाला द्यायचा? ज्याच्या डोक्याला मार बसलाय त्याला, की ज्याच्या हातात पोह्यांची प्लेट आहे त्याला?

हे फक्त वेगास-लंडनचं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआयमध्ये विजेंदर सिंग चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवून दुसरा बेल्ट घेऊन गेला, तेव्हा वाटलं होतं की आपल्याकडे प्रोफेशनल बॉक्सिंग रुजतंय. सलग १२ विजयांनंतर त्याचा पहिला पराभव झाला तोही आपल्याच शेजारी, मार्च २०२१ मध्ये पणजीत, कसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर. आता नवी पिढी आलीय. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरलेला निशांत देव या जानेवारीत लास वेगासमध्ये प्रोफेशनल झाला आणि पहिली फाइट पहिल्याच राउंडमध्ये जिंकला. हा आठवडा तर दुहेरी आहे. लिव्हरपूलमध्ये जागतिक स्पर्धा सुरू आहे आणि तिथे आपली मुलं-मुली तीन-तीन राउंडच्या हौशी फाइट लढतायत. यांच्यातलं कुणीतरी उद्या प्रोफेशनल होईल. एक दिवस त्यांच्यापैकी कुणी गुडघा टेकेल, आणि त्या वेळी कमेंट मराठीत, हिंदीत, आपल्याच असतील. त्या पोराला उठायचं की नाही हे ठरवताना आपल्या कमेंटची भीती वाटू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

बॉक्सिंगमध्ये फॅनचं चालतं. फॅननी मागितली म्हणून मेवेदर-पॅक्याओ झाली, फॅननी मागितली म्हणूनच ही रविवारची जोड लागली. आपण काय मागतो, कशाला टाळ्या वाजवतो, कशाची टिंगल करतो, यावर हा खेळ चालतो. चांगली जोड मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. रटाळ फाइटला शिट्ट्या मारा, चुकीच्या निकालावर रात्रभर भांडा. पण कुणी किती मार खायचा, हे ठरवायचा हक्क आपल्याला नाही.

तेव्हा रविवारी गुण लिहिताना आणखी एक गोष्ट बघा. प्रत्येक राउंडनंतर एक मिनिटाची विश्रांती असते. बहुतेक लोक तेव्हा फोन बघतात. तुम्ही कॉर्नर बघा. स्टुलावर बसलेला बॉक्सर काय बोलतोय, कोच त्याच्या डोळ्यांत काय शोधतोय, डॉक्टर पायऱ्या चढून आला का. फाइटचा निकाल पुष्कळदा तिथेच कळतो. आणि जर टॉवेल पडला, दोघांपैकी कुणाच्याही कॉर्नरमधून, तर ग्रुपवर काहीही लिहा, तो एक शब्द सोडून.

मी पाच वर्षं उशिरा लिहितेय: डॅनियल डुबॉइस, त्या दिवशी तू बरोबर होतास.

फाइट संपली की मामाला फोन करणार आहे. या वेळची जोड वेळेवर लागली का, ते त्यालाच विचारेन.